यंत्राला न सापडलेल्या कैऱ्या

अगं बाय, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला बराच वेळ झोप आली नाही. तू चिडली होतीस, आणि ते चिडणं रास्त होतं. अलिबागजवळच्या अक्षीतल्या काकूचा बचत गट, लोणच्याचा हंगाम आटोपलेला, जूनच्या हिशेबाला सगळ्याजणी ओटीवर बसलेल्या, आणि तू लॅपटॉपवर बेरीज दाखवतेस तर कैऱ्यांच्या खरेदीचा आकडा निम्माच. डोळ्यांनी बघितलं तर ओळी सगळ्या जागेवर. शोधायला सांगितलं तर यंत्राला त्यातल्या निम्म्याच सापडतात. काकू काही बोलली नाही, पण एकीने विचारलंच, "पोरी, पैसे गेले कुठे?" तो प्रश्न तुला लागला, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं.

मग त्या स्प्रेडशीटवाल्यांना लिहून ठेवलेला मजकूर तू मला वाचून दाखवलास. "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी चालत नाही. आमच्या गटाचं नुकसान झालं. ताबडतोब दुरुस्त करा." पाठवला नसशील तर तो पाठवू नकोस. त्यातला राग खरा आहे, पण तो वाचून कुणालाही, कितीही मनात असलं तरी, काहीच दुरुस्त करता येणार नाही.

हे मी वरून सांगत नाही. पुण्यात नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मीही असाच एक बग रिपोर्ट पाठवला होता. एका ओपन सोर्स प्रोग्राममध्ये मराठी शब्द तुटून दिसत होते. मी लिहिलं, मराठी नीट दिसत नाही, बाब गंभीर आहे, लवकर बघा. दोन दिवसांत उत्तर आलं. कुठली आवृत्ती, कुठला फाँट, कुठला शब्द, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढंच त्या माणसाने विचारलं होतं. मला ते अपमानासारखं वाटलं. एवढं उघड दिसतंय आणि हा पुरावे मागतो, असं म्हणून मी उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी माहिती अपुरी म्हणून तो रिपोर्ट बंद झाला. शब्द तुटतच राहिले. त्या काळात तो प्रोग्राम वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते तुटके शब्द वाचले, आणि ते थांबवणं माझ्या पाच ओळींवर होतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मला जे नंतर उमगलं ते सांगते. आपल्याला वाटतं, बग उघड आहे. पण तो उघड आपल्याला आहे. दुरुस्त करणारा माणूस असतो जर्मनीत, ब्राझीलमध्ये, नाहीतर चेन्नईत. त्याला देवनागरी वाचता येत नाही, आली तरी मराठी येत नाही. तुझ्या कैऱ्या त्याच्यासमोर ठेवल्या तर त्याला काही रेघा आणि वळणं दिसतील, त्यातलं बरोबर काय आणि चुकलेलं काय, हे त्याला कळायला मार्ग नाही. इंग्रजीतला बग लाखो जणांना दिसतो, कुणीतरी कळवतंच. मराठीतला फक्त आपल्याला दिसतो. म्हणून तुझा रिपोर्ट तक्रार म्हणून लिहू नकोस, साक्ष म्हणून लिही. तिथे नसलेल्या माणसाला तू जे पाहिलंस ते त्याच्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे.

आपल्या शेजारचे नाखवा आठवतात ना? होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं की रेवदंड्याच्या मेकॅनिकला फोन लावायचे. "इंजिन बिघडलं" असं ते कधीच म्हणायचे नाहीत. ओहोटी लागलेली, इंजिन तासभर चाललेलं, आधी आवाज जड झाला, मग काळा धूर आला, मग बंद. परत चालू केलं तर लगेच चालू होतं पण जोर धरत नाही. काल डिझेल नव्या ठिकाणाहून भरलंय. एवढं ऐकलं की मेकॅनिक तिकडूनच सांगायचा, अमुक उघडा, तमुक साफ करा. नाखवा शाळा किती शिकले ठाऊक नाही, पण बग रिपोर्ट कसा द्यावा ते त्यांना माझ्या कंपनीतल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त कळतं. बघ, आधी काय चालू होतं, कुठल्या क्रमाने काय घडलं, परत केलं तर काय होतं, आणि अलीकडे काय बदललं. "इंजिनच भंगार" हे त्यात कुठे नाही, आणि "पंप गेला असेल" हेही नाही. अंदाज बांधायचं काम त्यांनी मेकॅनिकवर सोडलं.

आता तुझ्या कैऱ्या. तू परवा पाठवलेली फाईल मी उघडली आणि दोन ओळींतला तोच शब्द उकलून बघितला, म्हणजे यंत्र अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतं ते क्रमांक बघितले. काकूने फोनवरून भरलेला शब्द असा आहे: कैऱ्या. तू लॅपटॉपवर भरलेला असा: कैर्‍या. दिसायला दोन्ही एकच. पण काकूच्या फोनने खाली नुक्ता असलेला ऱ वापरलाय, युनिकोडमध्ये क्रमांक ०९३१, त्याला हलन्त जोडून पुढे य. तुझ्या कीबोर्डने साधा र घेतला, ०९३०, मग हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, आणि मग य. ते जॉइनर नसतं तर रफार आला असता आणि शब्द झाला असता कैर्या. मराठीतला तो आडव्या रेघेसारखा अर्धा र मिळवायचे युनिकोडमध्ये हे दोन रस्ते आहेत. ऱ चा रस्ता मराठीसाठी सांगितलेला, आणि जॉइनरचा रस्ता जुन्या आवृत्तीतलं लिखाण मोडू नये म्हणून ठेवलेला. माणसाचा डोळा दोन्हींत फरक करत नाही. यंत्र क्रमांक जुळवतं, त्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काकूचे पैसे कुठेच गेले नाहीत गं. एका शब्दाच्या दोन स्पेलिंगांत वाटले गेलेत. आधी हे काकूला सांग, आणि शोधा-आणि-बदला वापरून सगळ्या कैऱ्या एकाच पद्धतीच्या करून टाक. बेरीज जुळेल. वाऱ्याचा, किनाऱ्यावर, खाऱ्या, दुसऱ्या, जिथे जिथे हा अर्धा र आहे तिथे हीच गत असणार, तेही बघून घे.

असंच दुसरं अक्षर म्हणजे ॲ. ॲप, ॲडव्हान्स, ॲल्युमिनियम, आपण रोज लिहितो. त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोवर लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि ती जुनी पद्धत अजून कित्येक कीबोर्डांत शिल्लक आहे. म्हणून ॲडव्हान्सच्या नोंदीही एकदा तपास. तो क्रमांक आपोआप मिळाला नव्हता. मराठीत हे अक्षर वेगळं आहे असा प्रस्ताव गेला, तेव्हा मिळाला.

आता तू म्हणशील, मग हा बग आहे की नाही? तुझा हा प्रश्न मला आवडेल. प्रोग्रामने क्रमांक जुळवले, ते त्याच्या परीने बरोबरच केलं. पण मराठी लिहिणाऱ्या बाईला एक शब्द शोधल्यावर निम्म्या ओळी मिळत असतील तर तिच्या दृष्टीने शोध चुकलाय. अशा वेळी जे आहे तेच लिहावं: दोन्ही रूपं युनिकोडला मान्य आहेत, दिसतात सारखी, शोधताना ती एकच धरली जावीत अशी आमची विनंती. बहुतेक प्रकल्पांत बग आणि सुधारणा असे दोन वेगळे खण असतात. तू सुधारणेचा निवडलास तर कुणी तुला कमी लेखत नाही. उलट हिने विचार केलाय, एवढं पहिल्या ओळीतच समजतं.

आणि उकललेल्या क्रमांकांची ही माहिती रिपोर्टात शेवटी लिही, वेगळ्या परिच्छेदात, "माझा अंदाज" म्हणून. आधी लिहायचं ते काय केलंस, काय अपेक्षित होतं, काय मिळालं. मी कित्येक रिपोर्ट पाहिलेत ज्यात माणसाने स्वतःचं निदान पहिल्या ओळीत ठोकून दिलं, निदान चुकीचं निघालं, आणि वाचणारा चार दिवस भलतीकडेच शोधत राहिला. निदान चुकलं तरी तुझं बघितलेलं खरंच राहतं. ते दोन्ही मिसळू देऊ नकोस.

रिपोर्ट वाचणाऱ्या माणसासाठी एक नवी छोटी फाईल कर. त्यात दोनच ओळी. पहिलीत ऱ वाल्या कैऱ्या, दुसरीत जॉइनरवाल्या. शेजारी १० आणि २०. खाली बेरीज. बस. गटाची खरी फाईल कधीही जोडू नकोस, हे मी तुला बजावून सांगते. त्यात बायकांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, कुणाची किती उसनवारी आहे ते आहे. बग रिपोर्ट जगाला दिसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. काकूच्या गटाचा विश्वास तुझ्या हातात आहे. शिवाय दोन ओळींच्या फाईलचा दुसरा फायदा असा, की ती बनवताना अर्ध्या वेळा बग कुठे आहे ते आपल्यालाच सापडतं. तीनशे ओळींतून एकेक काढत जायचं, प्रत्येक वेळी बघायचं की अजून चुकतंय का. चुकायचं थांबलं की शेवटी काढलेली ओळ हातात धरायची.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही या कामातली सगळ्यात अवघड शिस्त आहे, आणि तिचा धडा आपल्या अलिबागेतच आहे. चुंबकीय वेधशाळेवरून तू लहानपणापासून जातेस. ती इथे का आली, ठाऊक आहे? मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शतक सरता सरता मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचं ठरू लागलं. विजेचा प्रवाह जवळून गेला की ती नाजूक उपकरणं बिथरणार, आणि मग सुई हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, ते सांगता येणार नाही. वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी खाडीपलीकडची ही जागा निवडली, लोखंड टाळून इमारती उभ्या केल्या, आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू केल्या. पण लगेच कुलाब्याचं काम बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलली म्हणून आकड्यांत किती फरक पडतो, तो त्या दोन वर्षांतून मोजता आला, आणि जुन्या नोंदींना नव्या नोंदी जोडता आल्या. विजेची ट्राम १९०७ साली धावली. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते, आणि १८४१ पासूनची ती मालिका अजून सलग वापरता येते. घाईत सगळं एकदम हलवलं असतं तर ती तिथेच तुटली असती.

तू काय केलंस ते आठव. बेरीज चुकली म्हटल्यावर तू प्रोग्राम काढून नवीन टाकलास, फाँट बदललास, फोनचा कीबोर्डही दुसरा घेतलास, एका संध्याकाळी. आता त्यातल्या कशाने काय झालं, कुणाला सांगता येईल? पुढच्या वेळी असं कर: आहे तसं ठेव. मग फक्त फाँट बदलून बघ. परत मूळपदावर आण. मग फक्त प्रोग्राम बदल. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी मदत या मेनूत सेफ मोड म्हणून एक सोय आहे. तुझ्या सगळ्या सेटिंग बाजूला ठेवून प्रोग्राम उघडतो. तिथे बग गेला तर दोष तुझ्या सेटिंगमध्ये, राहिला तर प्रोग्राममध्ये. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करून कळवलंस तर समोरच्याचे दोन दिवस वाचतात.

दिसण्याचा बग असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण अक्षर पडद्यावर येईपर्यंत तीन जणांच्या हातून जातं. फाँट, अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी, आणि प्रोग्राम. जुळणीचं काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची एकच लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, सगळीकडे तीच. फाँट मात्र वेगवेगळे. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्त', रेड हॅटने सांभाळलेला 'लोहित', असे कितीतरी, आणि दोन्ही ओपन सोर्स. तर तोच शब्द तोच फाँट लावून दुसऱ्या प्रोग्राममध्ये बघ, मग त्याच प्रोग्राममध्ये दुसरा फाँट लावून बघ. फाँट बदलल्यावर बरं दिसलं तर रिपोर्ट बहुधा फाँटवाल्यांकडे जायचा. प्रोग्राम बदलल्यावर बरं दिसलं तर प्रोग्रामवाल्यांकडे. चुकीच्या दारात टाकलेला रिपोर्ट लोक योग्य दारी पाठवतातही, पण त्यात महिने जातात.

ल आणि श चंही सांगते, कारण त्यावर आपल्या बायका फार चिडतात. मराठी ल वेगळा, हिंदी ल वेगळा, श चंही तसंच. २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून मराठीची वळणं ठरवून दिली. पुष्कळ फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा कुठली म्हणून नोंदवली आहे त्यावरून कुठलं दाखवायचं ते ठरतं. मजकुराची भाषा हिंदी लावलेली असली की हिंदी ल येणारच. तेव्हा रिपोर्ट लिहिण्याआधी भाषा मराठी लावून बघ. आणि तरीही चुकीचं आलं, तर मग तो निर्णय सोबत जोड. "आम्हाला असं आवडतं" यापेक्षा "आमच्या राज्याच्या शासनाने हे ठरवलंय" याला परक्या माणसाजवळ वजन असतं.

आवृत्तीचा क्रमांक विसरू नकोस. आपल्या अक्षीचा शिलालेख आठव. शाळेत असताना त्याच्या शेजारून आपण नुसत्याच जात होतो, दगड म्हणून. त्यावर शके कोरलेला आहे. तो शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला गेला, म्हणून मराठीच्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतात. शके नसता तर तो नुसता जुना दगड. तुझ्या रिपोर्टवर आवृत्ती नसली तर तीच गत. "नवीन टाकलंय" हे चालत नाही, नवीन हा शब्द सहा महिन्यांत जुना होतो. लिब्रेऑफिसच्या मदत मेनूत 'विषयी' उघडलंस की आवृत्ती, बिल्ड, यंत्राची प्रणाली, भाषा, सगळं एका जागी असतं आणि एका बटणात कॉपी होतं. तसंच्या तसं चिकटव. दुसऱ्या प्रोग्राममध्येही ते कुठेतरी असतंच. आणि पूर्वी चालत होतं, आता चालत नाही असं असेल तर ते सोन्यासारखं आहे, ठळक लिही. जुन्या आवृत्त्या बहुधा मिळतात. समजा मधे ६४ आवृत्त्या आहेत. मधली उघडायची, तिथे बरोबर असेल तर पुढच्या अर्ध्यात जायचं, चूक असेल तर मागच्या. सहा वेळा उघडलं की बिघाड नेमका कुठे शिरला ते हातात येतं. डेव्हलपरसुद्धा असंच शोधतात.

तुझ्या मनात जे आहे आणि तू बोलली नाहीस, ते मी बोलते. इंग्रजी. तू मराठी माध्यमातली, मीही. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा म्हटलं की छातीत धडधडतं, आपलं व्याकरण कुणी हसेल का असं वाटतं. मला इतकी वर्षं झाली, व्याकरणावरून मला कुणी कधी बोललं नाही. जे लोक वाचतात त्यातल्या कित्येकांची भाषा इंग्रजी नाहीच. लहान वाक्यं लिही. एका वाक्यात एक कृती. फाईल उघडली. अमुक सेलवर गेले. हा शब्द शोधला. दोनपैकी एकच ओळ सापडली. क्रमांक घालून लिहिलंस की वाचणाऱ्याचे हात तुझ्यामागून चालतात. मराठी शब्द देवनागरीत लिहीच, सोबत रोमन लिपीत उच्चार आणि अर्थही दे. अर्थ का, तर फरक किती मोठा आहे ते कळावं म्हणून. मी एकदा रफार आणि अर्धा र यांतला फरक समजावताना लिहिलं होतं, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. एका खुणेने समुद्राच्या दऱ्या होतात, हे त्या माणसाला लगेच पटलं. पडद्याचा फोटो जोड, पण फोटोवर विसंबू नकोस. फोटोतला शब्द त्याला कॉपी करता येत नाही आणि टाइप तर करताच येणार नाही. म्हणून शब्द मजकुरातही हवा.

शीर्षकावर मी जीव तोडून वेळ घालवते. "मराठी चालत नाही" हे शीर्षक रोज शंभर रिपोर्ट चाळणाऱ्याला काहीच सांगत नाही. "ऱ ने लिहिलेला शब्द शोधल्यावर र आणि जॉइनरने लिहिलेला तोच शब्द सापडत नाही" हे लांब आहे, पण वाचताक्षणी कुणाकडे पाठवायचं ते कळतं, आणि उद्या दुसऱ्या कुणा मुलीला हाच त्रास झाला तर तिला तुझा रिपोर्ट सापडतो. तूही लिहिण्याआधी शोध. आधीच कुणी कळवलं असेल तर नवीन उघडू नकोस, आणि तिथे जाऊन नुसतं "मलाही" असं लिहू नकोस. तुझी आवृत्ती, तुझी दोन ओळींची फाईल, जे त्या पहिल्याने लिहिलं नाही ते लिही. आणि एका रिपोर्टात एकच बग. तुझ्या यादीत छपाईत मार्जिन सरकतं तेही आहे, ते वेगळं पाठव.

एक अपवाद आहे. कुणाचा पासवर्ड दिसतोय, कुणाची माहिती फुटतेय असं काही आढळलं तर ते उघड्यावर लिहायचं नाही. बहुतेक प्रकल्पांचा त्यासाठी वेगळा खाजगी पत्ता असतो. तिथेच पाठवायचं आणि दुरुस्ती येईपर्यंत गप्प बसायचं.

पाठवल्यावर काय होतं, तेही सांगते, नाहीतर तू चार दिवसांनी हिरमुसशील. लिब्रेऑफिससारख्या प्रकल्पांत रिपोर्टला एक स्थिती मिळते. आधी 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून दुसऱ्या कुणी करून बघितलेलं नाही. कुणी करून बघितलं आणि त्यालाही तसंच दिसलं की 'न्यू'. 'नीडइन्फो' आलं तर समज, चेंडू तुझ्याकडे आहे. मला जो अपमानासारखा वाटला होता तो हाच शब्द. त्याचा अर्थ कुणीतरी तुझ्या रिपोर्टवर खरंच वेळ घालवतंय असा घे आणि त्याच दिवशी उत्तर दे. 'वर्क्स फॉर मी' आलं तर भांडू नकोस, त्याच्याकडे आणि तुझ्याकडे फरक काय आहे ते शोध, बग बहुधा त्या फरकातच असतो. 'न्यू' वर वर्षभर पडून राहिलं तरी मन खट्टू करू नकोस. यातली पुष्कळ माणसं दिवसभराची नोकरी करून रात्री हे बघतात, कित्येकांना त्याचे पैसे मिळत नाहीत. नवी आवृत्ती आली की तुझी फाईल तीत उघडून बघ आणि एक ओळ लिही, या आवृत्तीतही होतंय, किंवा आता होत नाही. दुरुस्ती झाली तर ती तपासून कळव आणि आभार मान. तेवढे शब्द त्या लोकांना फार क्वचित मिळतात.

माझ्या त्या पहिल्या रिपोर्टचंही सांगायचं राहिलं. दोन वर्षांनी मी तोच बग पुन्हा लिहिला. एकच शब्द घेतला, किनाऱ्यावर. दोन फाँट, दोन प्रोग्राम, चार फोटो, पाच पायऱ्या. कसं दिसायला हवं ते कागदावर हाताने लिहून त्याचाही फोटो जोडला. एका रात्रीत दुसऱ्या देशातल्या एका माणसाने ते स्वतःच्या यंत्रावर करून बघितलं आणि लिहिलं की त्यालाही तो शब्द माझ्या फोटोतल्यासारखाच तुटलेला दिसतोय. त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. काही आठवड्यांनी दुरुस्ती आली. मी घरी आले तेव्हा काकूच्या फोनवर तो शब्द उघडून बघितला होता, तुला आठवत असेल, आणि तुम्हाला कुणालाच कळलं नव्हतं की मी एका शब्दाकडे एवढी काय बघतेय.

तर आज असं कर. संध्याकाळी काकूकडे जा, बेरीज जुळवून दे, पैसे कुठे गेले ते त्या बाईला नीट समजावून सांग. मग दोन ओळींची फाईल बनव आणि पाच पायऱ्या लिही, मला पाठव. मी इथे, माझ्या यंत्रावर, फक्त तू लिहिलंयस तेवढंच करून बघते, तुला काहीही न विचारता. मला तुझ्यासारखंच दिसलं, तर रिपोर्ट तयार आहे. उद्याच पाठव, तुझ्या नावाने.